मृत्यूचं कारण आणि शरीरातले द्रव: मेटाबॉलिक प्रोफाइलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फॉरेन्सिक टॉक्सिकॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे पोस्टमॉर्टेमनंतर जे रक्त, लघवी, डोळ्याच्या आतलं पाणी वगैरे येतं ते तपासायचं. लोक विचारतात ते प्रश्न फिरून फिरून तेच असतात, काही उत्सुकतेपोटी विचारलेले आणि काही घरातलं कोणी अचानक गेल्यावर रात्री झोप लागत नाही म्हणून विचारलेले. हे लिहिलंय ते मुख्यतः त्या दुसऱ्या लोकांसाठी, त्यामुळे जिथे उत्तर ‘कळत नाही’ असं आहे तिथे सरळ तसंच लिहिलंय.

मेटाबॉलिक प्रोफाइलिंग म्हणजे नक्की काय करतात?

शरीरात सतत साखर जळत असते, चरबी फुटत असते, प्रोटीन तुटत असतं, आणि या सगळ्या उलाढालीत छोटे छोटे रेणू तयार होतात. ग्लुकोज, लॅक्टेट, युरिया, अमिनो आम्लं, कीटोन, कार्निटीन, असे हजारो. यांना मेटाबोलाइट म्हणतात. माणूस ज्या अवस्थेत गेला तिचा ठसा यांच्या प्रमाणात उरतो, उपासमारीत गेला तर कीटोन म्हणजे चरबी जळताना बनणारे रेणू वाढलेले, अंगातलं पाणी कमी होऊन गेला तर सोडियम आणि युरिया वाढलेले. असे शक्य तितके रेणू एकदम मोजायचे आणि सगळे मिळून काय पॅटर्न दिसतो ते बघायचं, याला प्रोफाइलिंग म्हणतात. ‘मेटाबोलोम’ हा शब्द १९९८ च्या आसपासचा आहे म्हणून हे सगळं नवीन वाटतं, पण मृतदेहातल्या द्रवांमधली साखर नि क्षार मोजणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि आजही बऱ्याच केस सुटतात त्या जुन्या चार-पाच मोजमापांवरच.

पोस्टमॉर्टेममध्ये डॉक्टरांना कारण दिसत नाही का? मग हे कशाला?

डोक्याला मार असेल, हृदयाची रक्तवाहिनी फाटली असेल, फुफ्फुसात गुठळी अडकली असेल तर दिसतं. पण काही मृत्यू असे असतात की शरीर उघडल्यावर सगळे अवयव जवळपास नॉर्मल दिसतात. साखर खूप वाढून किंवा खूप कमी होऊन आलेला मृत्यू, गारठून आलेला, अ‍ॅलर्जीने आलेला, जन्मजात मेटाबॉलिक आजाराने आलेला. यात बिघाड रेणूंच्या पातळीवर झालेला असतो, डोळ्याला आणि कित्येकदा मायक्रोस्कोपलाही तो सापडत नाही.

व्हिसेरा तपासणी आणि हे एकच का?

नाही. व्हिसेऱ्यात मुख्यतः बाहेरून आत गेलेलं काही आहे का ते शोधतात, म्हणजे विष, औषध, दारू, कीटकनाशक. इथे शरीराने स्वतः बनवलेले रेणू बघतात. गंमत अशी की मशीन बऱ्याचदा एकच असतं आणि सॅम्पलही तेच, फक्त आपण आधी ज्या सिग्नलकडे दुर्लक्ष करायचो त्यांच्याकडे आता बघतोय. स्वीडनच्या नॅशनल बोर्ड ऑफ फॉरेन्सिक मेडिसिनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं, रोजच्या विष-तपासणीसाठी मांडीच्या शिरेतल्या रक्ताचा जो डेटा साठला होता तोच परत उघडून त्यात मेटाबोलाइट शोधले. नवीन सॅम्पल नाही, मृतदेहाला पुन्हा हात लावणं नाही. मला ही कल्पना फार आवडते कारण हजारो केसेसचा डेटा असाच पडून असतो.

कुठले कुठले द्रव घेतात?

रक्त, डोळ्यातला काचद्रव म्हणजे व्हिट्रियस, लघवी, मेंदू-मणक्यातलं पाणी, हृदयाभोवतीच्या पिशवीतलं पाणी, आणि लहान मुलांमध्ये पित्तसुद्धा. रक्त कुठून घेतलं हे फार महत्त्वाचं. मांडीच्या शिरेतून घेतलेलं चांगलं, कारण हृदयातलं रक्त यकृत, फुफ्फुस, पोट यांच्या शेजारी असतं आणि मृत्यूनंतर तिथून औषधं नि रेणू झिरपत हृदयात येतात. एकाच मृतदेहात हृदयातल्या रक्तात एखाद्या औषधाचं प्रमाण मांडीतल्या रक्ताच्या कितीतरी पट निघू शकतं, आणि लेबलवर नुसतं ‘रक्त’ असं लिहून आलं की आम्ही डोक्याला हात लावतो.

डोळ्यातलंच पाणी का? ऐकायलाच कसंतरी वाटतं.

वाटतं, आणि नातेवाईकांना तर जास्तच वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. डोळ्याच्या आत बुबुळामागे जेलीसारखा पारदर्शक द्रव असतो, एका डोळ्यात साधारण ४ मिलीलीटर. तो एका बंद डबीत असल्यासारखा असतो, आत रक्तवाहिन्या जवळजवळ नाहीत, पेशी फार कमी, आणि आतड्यांपासून लांब असल्यामुळे तिथपर्यंत जंतू उशिरा पोचतात. शरीराच्या इतर भागात कुजणं सुरू झालं तरी इथे बरीच माहिती शाबूत असते.

घेताना डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सुई घालायची आणि सिरिंजचा दट्ट्या अगदी हळूहळू मागे ओढायचा. घाई केली की पडद्याच्या पेशी तुटून आत येतात, द्रव गढूळ किंवा तांबूस दिसतो आणि त्या पेशींमधलं पोटॅशियम मिसळून आकडे बिघडतात. नीट घेतलेला असेल तर पाण्यासारखा स्वच्छ पण चिकट, अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, पिपेटच्या टोकाला तार धरून लोंबतो, म्हणून मोजण्याआधी तो गरम करून किंवा एन्झाइम टाकून पातळ करावा लागतो नाहीतर पिपेट कमी माप घेतं. दोन्ही डोळ्यांचे द्रव वेगवेगळ्या ट्यूबमध्ये. आणि काढल्यावर डोळ्यात तेवढंच सलाइन भरतात, म्हणजे डोळा खोल गेलेला दिसत नाही आणि अंत्यदर्शनाला चेहरा जसा होता तसाच राहतो. हे कोणी आपणहून सांगत नाही आणि सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मेल्यावरही शरीरातली केमिस्ट्री चालूच राहते ना? मग रिझल्टवर विश्वास कसा ठेवायचा?

अगदी बरोबर प्रश्न, आणि या अख्ख्या विषयाचा जीव इथेच आहे. हृदय थांबतं पण पेशी लगेच थांबत नाहीत. ऑक्सिजन नसताना त्या उरलेली साखर वापरत राहतात, त्यामुळे ग्लुकोज घटतं आणि लॅक्टेट वाढतं. पेशीचं इंधन म्हणजे एटीपी, ते तुटत तुटत हायपोझँथिन बनतं आणि साठत जातं. पेशीच्या भिंतीवरचे पंप बंद पडले की आतलं पोटॅशियम बाहेर येतं. प्रोटीन तुटून अमिनो आम्लं वाढतात, मग जंतू येतात आणि ते स्वतःच काय काय बनवतात, अगदी अल्कोहोलसुद्धा.

म्हणजे आमच्या हातात जे सॅम्पल येतं त्यात दोन गोष्टी एकावर एक लिहिलेल्या असतात, मृत्यूच्या आधी काय झालं ती आणि मृत्यूनंतर काय झालं ती. एकाच पाटीवर दोघांनी लिहिल्यासारखं. आमचं निम्मं काम दुसरं अक्षर ओळखून बाजूला काढण्याचं असतं. उदाहरणार्थ लॅक्टेट. जिवंत पेशंटच्या रक्तात लॅक्टेट खूप वाढलेलं असेल तर आयसीयूमधले डॉक्टर धावतात, पण मृतदेहाच्या रक्तात ते वाढलेलंच असतं, त्यावरून ‘श्वास कोंडला होता’ म्हणणं चूक. तसंच रक्तातलं पोटॅशियम, मृत्यूनंतर थोड्याच वेळात त्याला काही अर्थ उरत नाही. याउलट युरिया आणि क्रिएटिनिन बऱ्यापैकी टिकून राहतात, म्हणून किडनी निकामी झाली होती का हे काचद्रवावरून चांगलं कळतं. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा कीटोनही टिकतो. कुठला रेणू विश्वासू आणि कुठला नाही हे माहीत असणं हेच या कामातलं खरं कौशल्य, मशीन चालवायला तर कोणीही शिकतं.

डायबेटिसमुळे मृत्यू झाला हे कळू शकतं का?

हो, आणि जिथे ही पद्धत खरोखर पैसे वसूल करून देते अशी ही जागा आहे.

मृत्यूनंतर काचद्रवातली साखर कमीच होत जाते, वाढत नाही. म्हणून ती जर जास्त सापडली तर जिवंतपणी त्याहून जास्त होती असं ठामपणे म्हणता येतं. स्वीडिश संशोधकांनी २००९ साली सुचवलेली मर्यादा आहे १० मिलीमोल प्रति लीटर, म्हणजे साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. त्याच्या वर गेली की मृत्यूआधी साखर खूप चढलेली होती असं धरतात. रक्तावरून हे बघायला जाऊ नये, कारण यकृतातला ग्लायकोजन म्हणजे साठवलेली साखर फुटून हृदयाच्या उजव्या बाजूच्या रक्तात साखर खोटी वाढते, आणि शुद्धीवर आणायच्या प्रयत्नात अ‍ॅड्रेनलिन दिलं असेल तर अजूनच गोंधळ.

दुसरी गोष्ट कीटोन. रक्तात बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट २५० मिलिग्रॅम प्रति लीटरच्या वर गेलं तर ते आजारपणाचं लक्षण समजतात. साखरही जास्त आणि कीटोनही जास्त म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होणं, त्याला म्हणतात डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस. पण कीटोन जास्त नि साखर नॉर्मल किंवा कमी असेल तर बरेच दिवस पीत राहिलेला आणि खाणं सोडलेला माणूस डोळ्यासमोर येतो, त्याला अल्कोहोलिक कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात, आणि अशा केसमध्ये रक्तात दारू कधीकधी शून्यही असते कारण शेवटच्या दिवशी उलट्यांमुळे प्यायलाच झालेलं नसतं.

माझ्या लक्षात राहिलेली एक केस सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. एकटा राहणारा तरुण, घरात मृतावस्थेत सापडला, खोलीत बाटल्या. सगळ्यांनी दारू धरली होती, कागदावरही ‘दारूमुळे?’ असं प्रश्नचिन्ह टाकून आलेलं. रक्तात अल्कोहोल निघालं नाही. काचद्रवातली साखर आली ती मर्यादेच्या कितीतरी वर, मी ट्यूब बदलली असेल म्हणून दुसऱ्या डोळ्याचं सॅम्पल लावलं तर तेच, आणि कीटोनही तसेच चढलेले. त्याला डायबेटिस आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नसणार. बहिणीला नंतर विचारलं तेव्हा म्हणाली की महिनाभर बारीक होत होता आणि सारखं पाणी प्यायचा. बाटल्या कोल्ड्रिंकच्या पण होत्या, त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. त्या घरात आता ‘तो पिऊन गेला’ असं कोणी म्हणत नाही, आणि भावंडांनी आपली साखर तपासून घेतली.

साखर कमी होऊन मृत्यू झाला तर?

हे अवघड. वर सांगितलं तसं मृत्यूनंतर साखर घटतेच, त्यामुळे काचद्रवात साखर शून्य आली तरी त्याचा अर्थ काहीच नाही. ग्लुकोज आणि लॅक्टेट यांची बेरीज करून अंदाज बांधायची एक जुनी पद्धत आहे, १९६९ पासूनची, विचार असा की जी साखर गेली तिचं लॅक्टेट झालं असणार, पण लॅक्टेट इतर कारणांनीही वाढतं म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

बाहेरून इन्सुलिन टोचलं होतं का हा प्रश्न असेल तर इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही बघतात. स्वादुपिंड जेव्हा स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा बरोबर सी-पेप्टाइडही बाहेर पडतं, बाटलीतल्या इन्सुलिनबरोबर ते नसतं. इन्सुलिन भरपूर नि सी-पेप्टाइड कमी, म्हणजे ते बाहेरून आलेलं. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला १९५७ साली केनेथ बार्लो या नर्सने बायकोला इन्सुलिन टोचून मारल्याचं उघड झालं तेव्हा यातलं काहीच नव्हतं, टोचलेल्या जागेचा भाग काढून त्याचा अर्क उंदरांना दिला आणि उंदरांची साखर पडते हे दाखवून ते सिद्ध केलं गेलं. आज मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे वजनावरून रेणू ओळखणाऱ्या मशीनने, मानवी इन्सुलिन नि बनावटीत थोडा बदल केलेलं इन्सुलिन वेगळं ओळखता येतं. अडचण अशी की रक्तपेशी फुटल्या की इन्सुलिन नष्ट व्हायला लागतं, म्हणून प्रोफाइलिंगवाले आता उलट्या बाजूने बघतायत. इन्सुलिन चढलं की शरीर चरबी जाळणं बंद करतं, मग चरबी जाळताना तयार होणारे अ‍ॅसिलकार्निटीन खाली जातात. इन्सुलिन सापडलं नाही तरी त्याची सावली सापडू शकते, असा हा विचार आहे, आणि विष-तपासणीचा जुना डेटा परत उघडणाऱ्या स्वीडनच्या त्याच टीमने इन्सुलिनच्या केसेसवर हे करून बघितलंय.

गारठून मृत्यू झाला हे कसं कळतं?

पोटाच्या आतल्या अस्तरावर काळपट ठिपके दिसू शकतात, विश्नेव्हस्की या रशियन डॉक्टरने १८९५ मध्ये वर्णन केलेले, पण ते प्रत्येक केसमध्ये असतातच असं नाही. लघवीत अ‍ॅड्रेनलिनसारखे ताणाचे हार्मोन वाढलेले असतात आणि रक्तात कीटोन, कारण ऊब ठेवायला शरीर चरबी जाळत सुटतं. हे महत्त्वाचं यासाठी की अतिथंडीत शेवटी शेवटी माणसाला उलट गरम व्हायला लागतं आणि तो कपडे काढून टाकतो, मग सापडतो तेव्हा बघणाऱ्याला अत्याचाराचा संशय येतो. तिथे लघवीच्या एका ट्यूबने तपासाची दिशा बदलू शकते.

अ‍ॅलर्जीने मृत्यू झाला असेल तर?

मांडीच्या शिरेतल्या रक्तात ट्रिप्टेज बघतात, जोराच्या रिअ‍ॅक्शनमध्ये शरीराच्या काही पेशी ते सोडतात. हे काटेकोर अर्थाने मेटाबोलाइट नाही, प्रोटीन आहे, पण तपासणी याच टप्प्यावर होते. हृदयातल्या रक्तात ते खोटं जास्त येऊ शकतं. आणि ट्रिप्टेज वाढलं म्हणजे अ‍ॅलर्जीच असंही नाही, काय खाल्लं, काय चावलं, कुठलं औषध दिलं हे जुळायला लागतं.

रक्तात दारू सापडली म्हणजे प्यायलाच होता ना?

नाही, आणि यावरून किती माणसांची बदनामी होत असेल याचा विचार करून वाईट वाटतं. मृतदेह उष्ण जागी काही दिवस राहिला तर जंतू साखरेपासून अल्कोहोल बनवतात. मग ओळखायचं कसं? जिवंत यकृत अल्कोहोलवर प्रक्रिया करताना थोड्या भागाचं इथाइल ग्लुकुरोनाइड आणि इथाइल सल्फेट बनवतं. जंतूंनी मृत्यूनंतर बनवलेल्या अल्कोहोलबरोबर हे दोघं येत नाहीत. तर रक्तात अल्कोहोल आहे पण हे दोन्ही नाहीत, काचद्रवात आणि लघवीत अल्कोहोलही नाही, तर तो माणूस प्यायलेला नव्हता असं म्हणायला चांगला आधार आहे. यातलं ग्लुकुरोनाइड काही जंतू खातात म्हणून सल्फेटही बघायचंच, एकावर थांबायचं नाही. आणि रक्ताच्या ट्यूबमध्ये सोडियम फ्लोराइड घातलेलं पाहिजे, नाहीतर ट्यूबमध्येच जंतूंचं काम चालू राहतं. साध्या ट्यूबमध्ये, उन्हातून, दोन दिवस प्रवास करून आलेलं सॅम्पल मी स्वतः हातात घेतलंय, त्यावरून मग काहीही छातीठोक सांगता येत नाही.

हार्ट अटॅक यावरून कळतो का?

थोडक्यात सांगायचं तर अजून भरवशाने नाही. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात येणारं प्रोटीन, मृत्यूनंतर हृदयाच्या स्नायूतून आपोआप झिरपतं, त्यामुळे जिवंत माणसासारखा त्याचा अर्थ लावता येत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्त न पोचलेल्या हृदयाचे पॅटर्न दिसतात, पण तिथून खऱ्या केसपर्यंतचं अंतर बरंच आहे. इथे अजूनही पॅथॉलॉजिस्टचा डोळा आणि रक्तवाहिन्या नीट कापून बघणं हेच पुढे.

गळा आवळणं, बुडणं, गुदमरणं?

ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टेट, सक्सिनेट, हायपोझँथिन वाढतात हे खरं. पण मृत्यू कसाही येवो शेवटी ऑक्सिजन तुटतोच, आणि नंतरही हे वाढत राहतात. त्यामुळे नुसत्या प्रोफाइलवरून ‘गळा दाबला’ असं लिहिणारा रिपोर्ट दिसला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

तान्ह्या बाळाचा अचानक मृत्यू झाला तर यातून काय मिळतं?

इथे मला थोडं जास्त बोलू द्या.

काही बाळं जन्मतः एखादं एन्झाइम नसलेली असतात. एमकॅड नावाची एक कमतरता आहे, त्यात मध्यम लांबीची चरबी जाळता येत नाही. एरवी बाळ हसतंखेळतं, मग एका साध्या आजारपणात दूध कमी पितं, रात्रभर पोट रिकामं राहतं, साखर संपते, चरबी वापरता येत नाही, आणि सकाळी ते उठत नाही. पोस्टमॉर्टेममध्ये फार तर यकृत थोडं चरबीयुक्त दिसतं. पण रक्ताचा एक थेंब फिल्टर पेपरवर वाळवून अ‍ॅसिलकार्निटीन मोजले तर ऑक्टॅनॉइलकार्निटीन चढलेलं दिसतं, पित्तातही दिसतं. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताचं कार्ड जपून ठेवलेलं असेल तर तेही तपासता येतं. आणि हा आजार कळला की पुढच्या मुलाला फार वेळ उपाशी ठेवायचं नाही एवढी काळजी घेऊन बऱ्याचदा वाचवता येतं. एका बाळाच्या सॅम्पलवरून दुसरं बाळ वाचतं, या कामात याहून मोठं मला काही वाटत नाही.

चूक झाली तर काय होतं तेही ऐका. १९८९ साली अमेरिकेत मिझुरी राज्यात एका छोट्या मुलाला उलट्या आणि श्वासाचा त्रास म्हणून हॉस्पिटलमध्ये नेलं. लॅबने रक्तात इथिलीन ग्लायकॉल म्हणजे गाडीच्या अँटिफ्रीझमधलं विष सापडल्याचं सांगितलं. बाळ आईवडिलांकडून काढून घेतलं, पुढे एकदा आई भेटून गेल्यावर ते पुन्हा आजारी पडलं आणि गेलं. आईवर खुनाचा खटला, १९९१ मध्ये जन्मठेप. अटकेत असतानाच १९९० मध्ये तिला दुसरा मुलगा झाला आणि त्याला मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडेमिया हा जन्मजात आजार निघाला. मग सेंट लुई युनिव्हर्सिटीतल्या विल्यम स्लाय आणि जेम्स शूमेकर यांनी पहिल्या बाळाचं राखून ठेवलेलं रक्त पुन्हा तपासलं, तर ग्राफवरचा तो उंचवटा इथिलीन ग्लायकॉलचा नव्हताच, या आजारात वाढणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लाचा होता. येलच्या पिएरो रिनाल्डो यांनीही तेच सांगितलं. १९९१ मध्येच तिच्यावरचा खटला काढून घेतला.

गॅस क्रोमॅटोग्राफ म्हणजे मिश्रणातले रेणू एकामागून एक वेगळे काढणारं मशीन, त्यावर दोन वेगळे रेणू जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. म्हणूनच नुसत्या वेळेवरून नाव द्यायचं नाही, मास स्पेक्ट्रमही जुळला पाहिजे आणि शुद्ध रेणू शेजारी चालवून ताळा घेतला पाहिजे. मी नवीन आलेल्या प्रत्येकाला ही केस पहिल्याच आठवड्यात सांगते.

मृत्यूची वेळ कळते का?

अंदाज येतो. काचद्रवातलं पोटॅशियम मृत्यूच्या वेळी ५-६ मिलीमोलच्या आसपास असतं आणि मग हळूहळू वाढत जातं. १९६३ मध्ये स्टर्नर या संशोधकाने सूत्र दिलं, मृत्यूनंतरचे तास म्हणजे ७.१४ गुणिले पोटॅशियम वजा ३९.१. मग १९८९ मध्ये माडेआ या दुसऱ्या संशोधकाने दिलं, ५.२६ गुणिले पोटॅशियम वजा ३०.९. आता पोटॅशियम १० आलं असं धरा. पहिल्या सूत्राने ३२ तास येतात, दुसऱ्याने २२ च्या आत. सॅम्पल तेच, फरक १० तासांचा. एखाद्याची अ‍ॅलिबाय, म्हणजे ‘मी तेव्हा दुसरीकडे होतो’ हा बचाव, त्या १० तासांत उभी किंवा आडवी होऊ शकते. तापमान, वय, आधीचा आजार, सगळ्याचा परिणाम होतो. इटलीतल्या काल्यारी युनिव्हर्सिटीत मेंढ्यांच्या डोळ्याच्या पुढच्या भागातल्या द्रवावर एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र वापरून रेणू ओळखायची पद्धत, लावून एकाऐवजी अनेक रेणूंचा मिळून अंदाज बांधायचा प्रयत्न झालाय, दिशा मला योग्य वाटते.

एआय वापरून मशीन थेट कारण सांगू शकेल का?

थेट म्हणाल तर नाही. होतं असं की एका सॅम्पलमधून हजारो सिग्नल निघतात, प्रत्येकाचं वजन आणि बाहेर पडायची वेळ नोंदलेली असते, त्यातल्या बऱ्याच सिग्नलचं नावही माहीत नसतं. मग ज्यांचं कारण पॅथॉलॉजिस्टने ठरवलंय अशा केसेस दाखवून मॉडेलला शिकवतात. यात दोन खड्डे आहेत. एक, शिकवताना दिलेलं कारणच चुकीचं असेल तर मॉडेल तीच चूक शिकतं. दुसरा जास्त फसवा. समजा बुडालेल्या लोकांचे मृतदेह नेहमी उशिरा सापडतात आणि अपघातातले लगेच, तर मॉडेल ‘बुडणं’ शिकणारच नाही, ते ‘उशीर’ शिकेल, आणि टेस्टमध्ये मार्क मात्र उत्तम मिळवेल. म्हणून तुलना करताना वय, मृत्यूनंतरचा काळ, सॅम्पल किती दिवस फ्रीजरमध्ये होतं हे सगळं जुळवून घ्यावं लागतं. तेवढं केलं तर ‘या केसमध्ये न्यूमोनियाकडे नीट बघा’ असा इशारा देणारं साधन म्हणून ते फार उपयोगी आहे, मायक्रोस्कोपखाली कुठे बघायचं ते कळतं.

बॉडी कुजलेली असेल तर काहीच उपयोग नाही का?

कमी होतो, पण प्रयत्न सोडायचा नसतो. काचद्रवात सोडियम नि क्लोराइड पडलेलं आणि पोटॅशियम १५ च्या वर दिसलं की समजायचं कुजण्याचा पॅटर्न आहे, मग क्षारांवरून निष्कर्ष काढायचे नाहीत. तरी साखर खूप जास्त सापडली तर तिला तेव्हाही अर्थ असतो.

रिपोर्टला इतका वेळ का लागतो?

मशीनवर सॅम्पल अर्ध्या तासाच्या आत होतं. पण ते एकटं चालवत नाहीत, बॅचमध्ये चालवतात, मध्ये मध्ये सगळ्यांचं मिश्रण असलेलं तपासणीचं सॅम्पल लावतात, मशीन सरकलं तर पूर्ण बॅच पुन्हा. मग प्रत्येक संशयित रेणूची खात्री, मग पॅथॉलॉजिस्टशी बोलणं. आणि रांग. वाट बघणाऱ्याला हे ऐकून बरं वाटत नाही हे मला कळतं.

यावरून खून की आत्महत्या की अपघात ते कळतं का?

नाही. रेणू सांगतात की शरीरात काय झालं. इन्सुलिन बाहेरून आलं एवढं कळेल, सुई कोणाच्या हातात होती ते नाही. कोर्टातही साधारण असंच असतं, साखर, कीटोन, युरिया, इथाइल ग्लुकुरोनाइड यांसारखी ठरलेली मोजमापं पुराव्यात उभी राहतात, आणि शेकडो सिग्नलच्या पॅटर्नवरून काढलेला निष्कर्ष अजून आधार म्हणून चालतो, एकट्याच्या बळावर नाही.

‘मृत्यूचं कारण अनिश्चित’ असा रिपोर्ट आला तर लॅबने नीट काम केलं नाही का?

तसं नसतं. कधीकधी सगळं करूनही सापडत नाही, आणि ओढूनताणून एखादं कारण लिहिण्यापेक्षा अनिश्चित लिहिणं कितीतरी प्रामाणिक आहे. पण तुम्ही विचारू शकता की काचद्रव घेतला होता का, कीटोन बघितले का, लहान मूल असेल तर अ‍ॅसिलकार्निटीन केले का, आणि उरलेलं सॅम्पल किती दिवस ठेवणार आहेत. मिझुरीतली ती आई सुटली कारण रक्त फेकून दिलेलं नव्हतं.

नातेवाईक म्हणून आम्ही काय सांगितलं तर मदत होते?

तुम्हाला क्षुल्लक वाटतं तेच बऱ्याचदा लागतं. सारखी तहान लागायची का, वजन उतरत होतं का, शेवटचं कधी जेवले, उलट्या होत होत्या का, ताप होता का. घरात कोणाचं इन्सुलिन आहे का, पेन किंवा बाटली जागेवर आहे का. सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि सप्लिमेंटसुद्धा, पाकिटासकट दाखवा. शेवटचं जिवंत कोणी कधी पाहिलं, खोलीत पंखा, एसी किंवा हीटर चालू होता का. घराण्यात आधी कुठलं बाळ असंच अचानक गेलं होतं का, ही गोष्ट आजी-आजोबांना आठवते आणि आईवडिलांना कधीकधी माहीतच नसते, म्हणून त्यांनाही विचारा. आणि सर्वात घाईची गोष्ट अशी की ती व्यक्ती मृत्यूच्या आधी काही तास तरी हॉस्पिटलमध्ये असेल तर भरतीच्या वेळी घेतलेलं रक्त तिथल्या लॅबच्या फ्रीजमध्ये काही दिवसच ठेवतात, आमच्यासाठी ते सोन्यासारखं असतं कारण त्यात मृत्यूनंतरचं दुसरं अक्षर अजून उमटलेलंच नसतं, तेव्हा त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला सांगून ते राखून ठेवायला लावा.